सेवा क्लबच्या बातम्या आणि उपक्रम : उद्घाटनानंतर पुढे काय झालं तेही लिहूया का?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. आमच्या सेवा क्लबच्या (रोटरी, लायन्स असतात तसा) बुलेटिनचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे महिनाभरात जे उपक्रम होतात त्यांच्या बातम्या गोळा करायच्या, फोटो मागवायचे, कुणाचं नाव राहून गेलं नाही ना ते बघायचं आणि अंक ग्रुपवर टाकायचा. मध्यंतरी जुने अंक स्कॅन करायला काढले होते तेव्हा ते सलग वाचून झाले, आणि एक गोष्ट जाणवली ती मनातून जाईना म्हणून हा धागा.

आमची प्रत्येक बातमी एका दिवसाची आहे. अमुक शिबिर झालं, तमुक पाहुणे लाभले, इतक्यांनी लाभ घेतला, सूत्रसंचालन यांनी केलं, आभार त्यांनी मानले. दुसऱ्या दिवसापासून पुढे एक ओळ नाही. शाळेला पाण्याचा फिल्टर दिला त्याची बातमी फोटोसकट आहे, तो फिल्टर आज चालू आहे की नाही हे कुठल्याच अंकात नाही. मोतीबिंदूची तपासणी झाली हे आहे, त्यातल्या किती जणांचं ऑपरेशन झालं, ते नाही. झाडं लावली, वाचनालयाला पुस्तकं दिली, शिलाई मशीन दिली, सगळीकडे तेच.

मला यात कुणाचा आळस दिसत नाही, लोक खरोखर राबतात. पण रोटरी असो, लायन्स असो, आपलं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष नवा, सचिव नवा, बोर्ड नवं, प्रोजेक्ट चेअरमन नवे. जुन्या कामाचं पालकत्व कुणाच्या नावावर राहतच नाही. नव्या टीमला आपलं वर्ष उभं करायचं असतं, आणि गेल्या वर्षीच्या कामाकडे बघायला जाणं हे कुणाच्याच यादीत नसतं.

तर माझा विचार असा आहे की येत्या जुलैपासून बुलेटिनचं एक पान कायमचं मागच्या कामांसाठी ठेवायचं. नव्या बातम्या कितीही असोत, ते पान कापायचं नाही. तुमच्या क्लबमध्ये असं काही करतात का? आणि जे कुणी क्लबमध्ये नाहीत पण क्लबचं काम ज्यांच्यापर्यंत पोचलं आहे त्यांनीही लिहा, त्यांचं ऐकायला जास्त आवडेल.

निळाई

+१. वाचतेय. आमच्याकडे तर मागच्या वर्षीची फाइल कुणाच्या घरी आहे इथपासून शोध असतो.

खजिनदार_काका

सांजवेळ ताई, विषय अगदी मुळाला हात घालणारा काढलात. बरीच वर्षं क्लबचे हिशेब बघतो आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दरवर्षी पदाधिकारी बदलायचे ही पद्धत चांगल्यासाठीच आहे, एकच माणूस वर्षानुवर्षं खुर्चीत बसला की क्लब त्याचा होतो आणि बाकीचे पाहुणे होतात, ते टाळलं जातं, नव्या माणसाला नेतृत्व करायला मिळतं. पण पद बदलतं म्हणून कामही बदललं पाहिजे असं कुठे लिहिलंय? सगळ्यात मोठं उदाहरण पोलिओचं घ्या. रोटरीने पोलिओप्लस (पोलिओ हटवायची मोहीम) १९८५ ला हाती घेतलं. १९८८ ला जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंबरोबर जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा १२५ च्या वर देशांत पोलिओ होता आणि वर्षाला साधारण साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मार्च २०१४ चं. म्हणजे १९८५ पासून धरलं तर जवळजवळ तीस अध्यक्ष येऊन गेले जागतिक पातळीवर, आणि प्रत्येक क्लबमध्येही तितकेच. प्रत्येकाने येऊन "माझ्या वर्षाचा नवा प्रोजेक्ट" म्हणून हे बाजूला ठेवलं असतं तर? अजूनही पाकिस्तान अफगाणिस्तानात विषाणू आहे आणि अजूनही काम चालूच आहे, कुणी थांबवलेलं नाही. जे जगभर जमलं ते एका शाळेच्या फिल्टरसाठी का जमू नये एवढंच म्हणणं आहे.

आता हिशेबाची बाजू. उपक्रमासाठी जमवलेले पैसे वस्तू घेण्यात शेवटच्या रुपयापर्यंत संपवतात आणि त्याचा अभिमान बाळगतात, की बघा सगळे पैसे प्रोजेक्टला गेले. पण देखभाल हा प्रोजेक्टच आहे ना. मी बोर्डावर एवढंच सांगत आलो की अंदाजपत्रक करतानाच पहिल्या दोन-तीन वर्षांची देखभाल त्यात धरा आणि ती रक्कम वेगळी ठेवा, नवीन बोर्डाला हात लावता येणार नाही अशा ठरावासकट. लायन्समध्ये लोकांकडून जमवलेला पैसा क्लबच्या प्रशासकीय खर्चाला वापरायचा नाही हा नियम पक्का आहे, दोन खाती वेगळी असतात. त्याच धर्तीवर देखभालीचा कप्पाही वेगळा ठेवणं अवघड नाही. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटला (मोठ्या कामांसाठी मिळणाऱ्या निधीला) तर आधी लोकांची गरज तपासल्याचं दाखवावं लागतं आणि पैसे संपल्यावर काम कसं टिकणार ते अर्जातच लिहावं लागतं. मोठ्या ग्रँटला जे सक्तीने करतो ते छोट्या कामाला आपणहून करायला हरकत नसावी.

शाळेतला_माणूस

मी क्लबचा सभासद नाही, शिक्षक आहे, देणाऱ्याच्या नाही तर घेणाऱ्याच्या बाजूचा. ताईंनी फिल्टरचं लिहिलं म्हणून राहवलं नाही.

आमच्या शाळेलाही एका क्लबने फिल्टर दिला. नाव लिहीत नाही कारण माणसं मनापासून चांगली होती. पहिले काही महिने उत्तम चालला, मुलं रांग लावून पाणी प्यायची, आम्हीही तेच प्यायचो. मग धार बारीक झाली. आधी वाटलं टाकीत पाणी कमी असेल. मग एका नळाला हळूहळू पांढरा थर धरला, तो फिरवायला जड जायला लागला म्हणून मुलं दुसऱ्याच नळावर गर्दी करायला लागली आणि तोही सैल होऊन ठिबकायला लागला. शेवटी पाठीमागचं झाकण उघडून बघितलं तर आतली गाळ अडवायची कार्ट्रिज, जी पांढरी असते, ती चहूबाजूंनी तपकिरी आणि बुळबुळीत झालेली. बाजूला कंपनीचा सर्व्हिसचा तक्ता चिकटवलेला, तारीख, सही, पुढची तारीख असे रकाने, आणि एकही रकाना भरलेला नाही. दर्शनी बाजूला क्लबचं नाव आणि अध्यक्षांचं नाव मोठ्या अक्षरात होतं पण फोन कुणाला करायचा ते कुठेच नव्हतं. ज्यांचं नाव होतं त्यांना फोन लावला तर ते म्हणाले सर आता मी अध्यक्ष नाही, नव्या अध्यक्षांशी बोला, आणि नव्या अध्यक्षांना असा फिल्टर दिलाय हेच माहीत नव्हतं. दोघंही खरंच बोलत होते हे त्यातलं विशेष. कार्ट्रिज बदलायचं काम अर्ध्या तासाचं होतं. त्याला वर्षाचा बराचसा भाग गेला, आणि तेवढा काळ मुलं पुन्हा घरून बाटल्या आणत होती, ज्यांना आणणं शक्य नव्हतं ती साध्या टाकीचं पाणी पीत होती.

मला क्लबकडून तीनच गोष्टी हव्या आहेत. वस्तू द्यायच्या आधी विचारा, की तुम्हाला काय हवंय. दिल्यावर शाळेतल्या एका माणसाला ती चालवायला आणि साफ करायला शिकवा, मुख्याध्यापकांच्या हाती किल्ली देऊन फोटो काढणं म्हणजे शिकवणं नाही. आणि वस्तूवर एक असा नंबर लावा जो जुलै उलटला तरी बदलणार नाही. क्लबचा स्वतःचा एक मोबाइल नंबर घ्या की, तो दरवर्षी सचिवाकडून सचिवाकडे जाईल.

निळाई

क्लबचा स्वतःचा नंबर!! इतकी साधी गोष्ट. सोमवारच्या बोर्ड मीटिंगला मांडते.

माजी_अध्यक्ष

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, मुद्दे योग्य आहेत, पण नाण्याची दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. क्लब चालतो तो उत्साहावर. सभासद नोकरीधंदा सांभाळून येतात. कार्यक्रम झाला, पाहुणे आले, पेपरात बातमी आली, फोटो शेअर झाले की चार नवीन लोक विचारतात आम्हाला पण यायचंय. देणगीदाराला आपण दिलेली वस्तू दिसते. याला तुम्ही दिखावा म्हणाल, पण हे बंद केलं तर पुढच्या वर्षी देणगी कुठून आणायची? जुन्या कामाची पाहणी करायला या म्हटलं की दोन माणसं येतात, उद्घाटनाला चाळीस. ही वस्तुस्थिती आहे.

शिवाय बंद पडलेल्या गोष्टी बुलेटिनमध्ये छापायच्या म्हणजे ज्यांनी दिलंय त्यांचं मन दुखावणार आणि त्या वर्षीच्या अध्यक्षाला वाटणार की आपल्यावर बोट ठेवलं. क्लबमध्ये गट पडायला एवढं पुरतं, मी पाहिलेलं आहे.

सांजवेळ

माजी_अध्यक्ष सर, मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल आभार. कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाहीये, पदग्रहण असो शिबिर असो, लोकांनी एकत्र यावं, आनंद व्हावा, त्याशिवाय क्लब म्हणजे नुसतं ऑफिस होईल. माझं म्हणणं बातमीबद्दल आहे. बातमी जर कामाबद्दल असेल तर काम जिवंत आहे तोवर बातमी जिवंत राहायला हवी.

मन दुखावण्याबद्दल मात्र मला उलट वाटतं. देणगीदाराला जेव्हा त्याने दिलेली वस्तू धूळ खात पडलेली दुसऱ्या कुणाकडून कळते तेव्हा ते जास्त लागतं. आपणच कळवलं की बंद पडली होती, का पडली ते शोधलं, आता चालू आहे, तर त्याचा विश्वास वाढतो. आणि पानावर अध्यक्षाचं नाव नकोच, वर्ष पण नको, फक्त काम आणि त्याची आजची स्थिती.

अबोली_

मी एका नेत्र रुग्णालयात काउन्सेलर आहे, क्लबच्या शिबिरांना आमची टीम जाते. शिबिराच्या दिवशी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, नंतरचं लिहिते.

शिबिरात ज्यांना मोतीबिंदू निघतो आणि ऑपरेशन सांगितलं जातं त्यातले बरेच जण पुढे येतच नाहीत, मोफत असूनसुद्धा. फोन केला की कारणं कळतात. सोबत यायला कुणी नाही हे सगळ्यात जास्त. दुसऱ्या डोळ्याने चालतंय की, हे दुसरं. ऑपरेशन करून शेजारच्यांना कमी दिसायला लागलं म्हणे, ही भीती. आणि एक मोठा गट असा की ज्यांची शुगर किंवा बीपी जास्त निघाली म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं, त्यांना वाटतं आपल्याला नाही म्हणून सांगितलं. ते औषध घेऊन कंट्रोलमध्ये आणून परत यायचं असतं हे त्यांच्या डोक्यात उतरलेलंच नसतं, आणि शिबिरातल्या त्या गोंधळात ते नीट समजावून सांगायला कुणाला वेळही नसतो.

एका क्लबच्या दोन बायकांनी (दोघीही रिटायर्ड) यावर जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी साधी दुरेघी वही केली. एका पानावर एक माणूस. नाव, फोन, घरातल्या कुणाचा तरी दुसरा फोन, कुठला डोळा, काय सांगितलंय. खाली तारीख टाकून फोनवर काय बोलणं झालं ते. मी ती वही पाहिली आहे, एका पानावर "मुलगा पुढच्या आठवड्यात येणार, तेव्हा पुन्हा फोन", त्याखाली "मुलगा आला नाही, आपल्यापैकी कुणी सोबत जाऊ शकेल का विचारते", त्याखाली वेगळ्या अक्षरात "मी गेले, उजवा डोळा झाला, उद्या पट्टी काढायची". मग थेंबांच्या तारखा, आणि शेवटी महिनाभराने चष्म्याचा नंबर. ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे थेंब घालायचे असतात आणि मधल्या तपासण्या चुकवायच्या नसतात, डोळा लाल झाला, दुखायला लागला, दिसायचं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं असतं. हे सगळं शिबिराच्या बॅनरवर मावत नाही. ते या वहीत होतं. त्यांच्या शिबिरातून येणाऱ्यांचं प्रमाण आमच्याकडे डोळ्यात भरण्यासारखं वेगळं होतं आणि त्याची बातमी कुठेही आली नाही.

१९२५ ला हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करायचं आवाहन केलं तेव्हापासून दृष्टीचं काम ही लायन्सची ओळख झाली, १९९० पासून त्यांचा साइटफर्स्ट हा अंधत्व टाळण्याचा कार्यक्रम आहे. शंभर वर्षं एकाच विषयाला धरून राहिलेले लोक आहेत हे. मग स्थानिक क्लबनेही दरवर्षी नवा विषय शोधण्यापेक्षा एकच विषय दहा वर्षं धरला तर काय बिघडेल?

ओ_निगेटिव्ह

अबोली ताई, वहीबद्दल वाचून खूप बरं वाटलं, त्या दोघींना माझा नमस्कार सांगा.

मी रक्तपेढीत काम करतो, रक्तदान शिबिरांबद्दल लिहितो कारण क्लबच्या बातम्यांत तो नंबर एकचा उपक्रम असतो. तक्रार नाही, शिबिरं झाली नाहीत तर आम्ही काय करू. पण बातमीत नेहमी बाटल्यांचा आकडा असतो आणि आकडा मोठा व्हावा म्हणून सगळे एकाच दिवसाच्या मागे लागतात. लाल पेशी नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस आणि वेगळं द्रावण घातलं तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. आता विचार करा, एकाच आठवड्यात तीन-चार क्लबनी मोठी शिबिरं घेतली तर त्यातल्या प्लेटलेट्सचं काय करायचं, आणि पुढे दोन महिने कुणाचंच शिबिर नसेल तर तेव्हा आलेल्या पेशंटला काय सांगायचं. थॅलेसेमियाच्या (जन्मजात रक्ताच्या आजाराच्या) मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना तुमचा वर्धापनदिन कधी आहे हे माहीत नसतं.

म्हणून जे क्लब आम्हाला आधी फोन करून विचारतात की तुम्हाला कधी कमी पडतं, ते आम्हाला सगळ्यात जवळचे वाटतात. सुट्ट्यांचा काळ, परीक्षांचा काळ, जेव्हा कॉलेजची शिबिरं बंद असतात, तेव्हाचं छोटं शिबिर आम्हाला मोठ्या शिबिराइतकंच मोलाचं आहे. छापा की बुलेटिनमध्ये की रक्तपेढीने सांगितलं त्या महिन्यात घेतलं.

आणखी एक. दरवेळी काही लोकांना हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून परत पाठवावं लागतं, त्यात मुली आणि बायका जास्त. त्या हिरमुसून जातात आणि विषय तिथेच संपतो. खरं तर त्यांचं पुढे काय करायचं हा क्लबचा उपक्रम होऊ शकतो, डॉक्टरांकडे पाठवणं, कारण शोधणं, काही महिन्यांनी पुन्हा तपासणं. रक्त देऊ न शकलेल्यांची यादी (त्यांच्या परवानगीने आणि गुप्तता राखून) कुणीतरी सांभाळली तर त्यातून जे होईल ते बाटल्यांच्या आकड्यात दिसणार नाही, पण होईल मात्र नक्की.

हिरवळ

वृक्षारोपणाचं थोडक्यात. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी मिळालं तर झाड तुमचं, नाहीतर खड्डा तेवढा तुमचा. बातमी लिहायचीच असेल तर लावली किती हे लिहू नका, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगली किती हे लिहा. आणि दरवर्षी नवीन जागा शोधू नका, मेलेल्या रोपांच्या जागी त्याच ठिकाणी पुन्हा लावा. जागेचा मालक कोण आणि पाणी कुणाचं हे खड्डे खणायच्या आधी ठरलं पाहिजे.

पहिलंच_वर्ष

नमस्कार, मी मागच्या जुलैत क्लबमध्ये आले, वयाने तिथली सगळ्यात लहान. आधी कॉलेजात रोट्रॅक्टमध्ये (रोटरीचे तरुणांचे क्लब) होते. हा धागा वाचून मला कळलं की मला इतके महिने नेमकं काय खटकत होतं.

नवीन माणसाला क्लबमध्ये काम मिळतं ते कार्यक्रमाचं. बॅनर, स्टेज, निवेदन, फोटो. चार महिन्यांत हे सगळं येतं आणि मग तेच तेच. माझ्याबरोबर आलेले काही जण आता येत नाहीत, ते काही भांडून गेले नाहीत, त्यांना वाटलं आपली इथे तशी गरज नाही. अबोली ताईंनी लिहिलेली वही जर मला कुणी दिली असती तर मी एकही आठवडा चुकवला नसता, कारण कुणीतरी माझ्या फोनची वाट बघतंय हे माहीत असतं तेव्हा माणूस येतोच.

आणि फोटोबद्दल. वाटपाच्या कार्यक्रमात घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात, वस्तू पुन्हा हातात देऊन दुसरा फोटो घेतात. लहान मुलं असतात त्यांना कळत नाही, पण आठवी-नववीतल्या मुली मान खाली घालून उभ्या असतात, मी समोर उभी राहून पाहिलंय. तो फोटो नंतर सगळीकडे फिरतो आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांपर्यंत पण पोचतो. घेणाऱ्याचा चेहरा न दाखवता बातमी होऊ शकत नाही का?

खजिनदार_काका

बेटा, होऊ शकते आणि व्हायलाच पाहिजे. बोर्डात ठराव करून टाका, वैयक्तिक मदतीच्या उपक्रमात घेणाऱ्याचा फोटो नाही. वस्तूचा काढा, काम करणाऱ्या सभासदांचा काढा. देणगीदाराला पावती आणि पत्र पुरतं, माझा अनुभव आहे.

माजी_अध्यक्ष

फोटोच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. माझ्या वर्षातही एका पालकांनी फोटो काढून टाकायला सांगितलं होतं आणि आम्ही तो लगेच काढला होता.

ओ_निगेटिव्ह यांनी रक्तपेढीला आधी विचारायचं जे लिहिलंय ते मात्र मला सगळ्यात पटलं. यात उत्साह कमी होत नाही, फक्त तारीख बदलते. असे मार्ग काढले तर माझ्यासारख्या माणसांचाही विरोध राहणार नाही.

निळाई

अवांतर : पहिलंच_वर्ष, तुझा प्रतिसाद वाचून आनंद झाला. आता क्लबमध्ये मुली सहज येतात पण हे फार जुनं नाही. कॅलिफोर्नियातल्या दुआर्तेच्या क्लबने १९७७ ला तीन बायकांना सभासद केलं म्हणून रोटरीने त्या क्लबची सनदच काढून घेतली होती. ते कोर्टात गेले, १९८७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ ला रोटरीने स्वतःची घटना बदलून जगभर दार उघडलं. लायन्सनेही १९८७ लाच महिलांना प्रवेश दिला. त्याआधी बायका काय करत होत्या तर इनरव्हील, म्हणजे रोटरी सभासदांच्या बायकांचा क्लब, १९२४ पासून, मँचेस्टरला सुरू झालेला. रोटरीला पहिली महिला जागतिक अध्यक्ष मिळायला २०२२ उजाडलं. अवांतर समाप्त, धागा पुढे चालू द्या.

शाळेतला_माणूस

क्लबवाल्या मंडळींना एक विनंती. पाहणीला याल तेव्हा आधी कळवून या पण कार्यक्रम करायला लावू नका. कळवलं की आमच्याकडे वर्ग सोडून स्वागतगीताची तयारी सुरू होते, ते आम्हालाही थांबवता येत नाही. दोघंच या, मधल्या सुट्टीत या, फिल्टरचं पाणी स्वतः पिऊन बघा, मुलांना विचारा. मुलं बरोबर सांगतात, कुठला नळ गळतो, किती दिवस बंद होता, कुणीच काही लपवत नाही.

अबोली_

शाळेतला_माणूस, शंभर टक्के.

सांजवेळ, पानावर नेत्रदानालाही थोडी जागा ठेवाल का? क्लब नेत्रदानाचे फॉर्म खूप भरून घेतात, पण वेळ येते तेव्हा घरच्यांना काहीच माहीत नसतं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा, आणि लगेच नेत्रपेढीला फोन. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी नेत्रदान करता येतं. फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती असेल तर होतं. म्हणून फॉर्म किती भरले यापेक्षा किती घरांत बसून घरच्यांशी बोललो हे महत्त्वाचं.

सांजवेळ

नक्की ठेवते, दर अंकाला त्याच जागी, म्हणजे शोधावं लागणार नाही.

सगळ्यांचे प्रतिसाद घेऊन पानाचा कच्चा नमुना केलाय. सध्याच्या अध्यक्षांशी आणि पुढच्या वर्षीच्या नियोजित अध्यक्षांशी दोघांशी बोलले, दोघांनी होकार दिला, आणि मागच्या वर्षीचे अध्यक्षही या कामासाठी बोर्डावर राहायला तयार आहेत. म्हणजे मागचा, आताचा आणि पुढचा असे तिघं असतील तर वही हरवणार नाही अशी आशा आहे.

पानावर प्रत्येक कामाच्या चार-पाच ओळी. काय दिलं आणि कुठे. शेवटचं कधी जाऊन पाहिलं. चालू, दुरुस्तीला किंवा बंद. बंद असेल तर का, आणि काय करतोय. क्लबमधलं त्या कामाचं माणूस कोण, म्हणजे पालक सभासद, पद असो नसो तीन वर्षं तोच किंवा तीच. नवीन सभासदांना पालक म्हणून आधी विचारायचं (पहिलंच_वर्ष, हे तुझ्यामुळे). आकडे द्यायचे तर जगलेली झाडं, झालेली ऑपरेशनं, वाचनालयातून घरी नेलेली पुस्तकं. वर क्लबचा कायमचा नंबर. घेणाऱ्यांचे चेहरे नाहीत.

सगळी जुनी कामं एकदम होणार नाहीत. गेल्या पाच वर्षांतली घ्यायची, त्यातही आधी पाणी आणि डोळे, कारण तिथे उशीर झाला तर माणसाला त्रास होतो. एका प्रश्नावर अजून अडलेय, कपडे, वह्या, ब्लँकेटं यांचं वाटप झालं की पुढे बघण्यासारखं काही नसतं, त्याचं काय लिहायचं?

हिरवळ

पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा रांगेत आहेत का ते बघा. असतील तर का आहेत ते विचारा, तिथून खरा प्रोजेक्ट मिळेल.

खजिनदार_काका

अनुमोदन. ताई, नमुना इथेच चिकटवा, आमच्या क्लबलाही घेतो.

सांजवेळ

उद्या टाकते. ज्यांना हवाय त्यांनी खाली नुसतं "हवाय" लिहा, आणि तुमच्याकडे करून बघितल्यावर कुठली ओळ कामाची नाही तेही कळवा.

पहिलंच_वर्ष

हवाय. आणि आमच्याकडच्या तीन शाळांचे फिल्टर मी घेतेय पालक म्हणून, अध्यक्षांना आत्ताच मेसेज केला.